अख्खा बाक गैरहजर

सरांची आणि माझी ओळख एका बादलीनं करून दिली. अकरावीचं पहिलंच प्रॅक्टिकल होतं. टेबलावर निळी प्लॅस्टिकची बादली, तिच्यात गढूळ पाणी. सरांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि नेमकी माझ्यावर थांबवली. "ए पोरी, ये पुढं. हात घाल." मी घातला. बोटांना काहीतरी गार, बुळबुळीत आणि नारळाएवढं मोठं लागलं, आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या फिजिक्सच्या लॅबमधून लोक बघायला आले. मुलं खिदळली. सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"काय हाय?"

"बेडकाची अंडी, सर."

"न्हाई. जनावर हाय, जितं हाय. आता सांग, एक हाय का लई हायेत?"

मी एक म्हणाले. चूक. मागून एक मुलगा हजार म्हणाला. तेही चूक. मग सरांनी तो गोळा, तो ज्या बाभळीच्या फांदीवर वाढला होता त्या फांदीसकट, काचेच्या पसरट भांड्यात अलगद सरकवला आणि एकेकाच्या हातात भिंग दिलं. भिंगातून पाहिलं आणि मी दुसऱ्यांदा हबकले. त्या चिकट गोळ्यावर हजारो बारीक तुरे हलत होते. प्रत्येक तुऱ्याच्या मुळाशी एक तोंड होतं आणि प्रत्येक तोंड आपापलं खात होतं.

याला ब्रायोझोआ म्हणतात, सरांनी सांगितलं. परीक्षेत याच्यावर फार तर दोन मार्कांचं येतं, पण दोन मार्कांसाठी मी पालीच्या धरणातून बादली वाहून आणत नसतो, हेही सांगितलं. "तोंडं येगळी, आतडी येगळी," ते म्हणाले, "पण अंगातलं पाणी एकच. एकानं खाल्लं तर ओलावा सगळ्यांला. मग ह्याला एक म्हनायचं का लई?" कुणालाच सांगता येईना. सरांनाही ते सांगता येत नव्हतं, हे मला पुढं कळलं. नोकरीची सगळी वर्षं हा माणूस त्या एका प्रश्नापाशी अडून बसला होता.

मग त्यांनी सुई घेतली आणि एका तुऱ्याला हळूच टोचलं. तो आत गेला. त्याच्या शेजारचेही गेले, आणि बघता बघता गोळ्याची ती सगळी बाजू बोडकी झाली. मेले की काय, असं मला वाटलं. सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "थांबा. बाहेर येतात." आम्ही थांबलो. दोनेक मिनिटांनी एक तुरा बाहेर आला. मग दुसरा. मग सगळे.

"थांबा, बाहेर येतात" हे सरांचं पालुपद होतं. लाइट गेली तरी, प्राचार्य केबिनमध्ये रागावून बसले तरी, निकाल लागायचा असला तरी.

सर पन्नाशीचे होते, उंच आणि हाडकुळे, मूळचे केज तालुक्यातल्याच कुठल्याशा खेड्यातले. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक काचेचा ड्रॉपर असायचा. प्राचार्यांसमोर सही करायला त्यांनी एकदा पेनाऐवजी ड्रॉपर काढला होता आणि कागदावर धरणाच्या पाण्याचा थेंब पडला होता. सगळं कॉलेज त्यांना शेवाळे सर म्हणायचं. ते त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांच्या घरमालकाची तक्रार अशी होती, की भाडेकरूनं न्हाणीत बाभळीच्या फांद्या भिजत घातल्यात आणि स्वतः रोज शेजारच्या हापशावर अंघोळ करतो.

महिन्यातून एकदा, रविवारी, ते पालीला जायचे आणि परतीच्या एसटीत बादली मांडीवर घेऊन बसायचे. एका कंडक्टरनं म्हणे हटकलं, की बादलीत काय हाय. सर म्हणाले, प्रवासी. कंडक्टरही तयारीचा होता. किती, म्हणाला. सर म्हणाले, "तेच तर ठरंना झालंय." कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट सरांनी लॅबच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवून ठेवलं होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कॉलेज म्हटलं की असा एखादा अवलिया असतोच. पण सर आमचे वर्गशिक्षक होते आणि हजेरीचं रजिस्टर त्यांच्या हातात होतं.

बारावीला त्यांनी हजेरीची पद्धतच बदलली. नावं घ्यायची नाहीत. बाकाचा नंबर पुकारायचा. बाकावरचे सगळे असतील तर सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हणायचं. एक जरी नसला तर अख्खा बाक गैरहजर. आम्ही ऐकतच राहिलो. मुलांनी आरडाओरडा केला, की आम्ही समोर बसलेलो दिसतोय तुम्हाला, आमचा काय गुन्हा. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या अंगातलं पाणी एक हाय का न्हाई? आसंल तर घिऊन या त्याला."

आणि खरंच, पोरं एकमेकांना आणायला लागली. ताप आलेल्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. एका बाकानं तर आपल्या मित्राला त्याच्या आजोबांच्या दहाव्याहून थेट वर्गात आणला. तो भादरलेल्या डोक्यानं, कपाळावर गंध तसंच, दुसऱ्या बाकावर बसला होता आणि बाक नंबर दोननं मोठ्यांदा 'हजर' म्हटलं. सर भरून पावले. आमच्या वर्गाइतकी हजेरी त्या कॉलेजात कुठल्याच वर्गाची नव्हती.

आमचा बाक तिसरा. आम्ही तिघी. मी युसूफ वडगावहून बसनं यायचे. माझ्या वडिलांची तिथं पिठाची गिरणी होती. शबाना केजमधलीच, जिथं कॉलेज होतं. तिचे अब्बा बसस्टँडच्या कोपऱ्यावर फळांचा गाडा लावायचे आणि तिच्या दप्तरात कायम एखादा चिक्कू किंवा केळं असायचं. तिसरी सुनीता, नांदूरघाटच्या पुढच्या एका वाडीतली. ती बोलायची कमी, पण चित्र काढायला बसली की आम्ही बघत राहायचो. तिनं काढलेला ब्रायोझोआ सरांनी लॅबच्या भिंतीवर लावला होता. तिच्या वाडीत गाडी जात नव्हती. घरापासून बसपर्यंत ती रोज चालत यायची आणि तरी तिघींत पहिली पोचायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि सुनीता आली नाही. पहिल्या दिवशी आम्ही गैरहजर. दुसऱ्या दिवशीही. आठवडा असाच गेल्यावर मी आणि शबाना तिला ओढून आणायच्या तयारीनंच वाडीवर गेलो. घराला कुलूप होतं. शेजारची बाई उन्हात ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, ऊसतोडीला गेली टोळी, ट्रॅक्टरनं, सणाच्या चौथ्या दिवशीच. सुनीता कशाला गेली, आम्ही विचारलं. बाईनं सूप खाली ठेवलं.

"तिच्या माईचं पोटाचं आपरेशन झालंय, तिला वाकता येईना. मंग कोयता पुरा कसा व्हायचा? आर्ध्या कोयत्याला कोन नेतंय?"

ऊसतोडीत कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून गाडीवर चढवणार, तेव्हा मुकादमाच्या हिशेबात एक कोयता होतो. हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. पण जोडीत बाईच्या जागी आपल्या बाकावरची सुनीता उभी आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. शबानानं तिच्यासाठी आणलेली दोन केळी कुलपाच्या कडीला पिशवीत अडकवली, मग तिचं तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, परत काढून त्या बाईला दिली.

आम्ही येऊन सरांना सगळं सांगितलं. सर हळहळतील असं वाटलं होतं. ते हळहळले, नाही असं नाही. पण मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तासभर फक्त कोयत्यावर शिकवलं. "दोन मान्सं, चार हात, आन मोजायचं एक," ते फळ्यावर आकृती काढत म्हणाले. "तुमी ब्रायोझोआ बघायला धरनावर कावून जाता? तुमच्या आळीत हाय की." मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही परवा सापडली आणि मला ते पान वाचवलं नाही.

आम्ही त्यांना म्हटलं, की सर, सुनीता तर आता पाडव्याशिवाय येत नाही, तिचं नाव बाकावरून काढा. सर म्हणाले, नाव काढून ती बाकावरची राहायची थांबते का. आणि रोज, तिसरा बाक पुकारून, आम्ही दोघी समोर बसलेल्या असताना, मान खाली घालून गैरहजेरी मांडत राहिले. आम्हीही सुरुवातीला त्यात एक प्रकारची मजाच मानली. आपण आपल्या मैत्रिणीसाठी काहीतरी सोसतोय, असं वाटायचं. सोसणं म्हणजे काय, हे आम्हाला अजून कळायचं होतं.

त्या वर्षी कॉलेजनं नवीन सुरू केलं होतं, की महिन्याच्या शेवटी पालकांच्या मोबाइलवर हजेरीचा मेसेज जायचा. माझ्या वडिलांच्या बोटांना कायम पीठ लागलेलं, म्हणून त्यांचा फोन मीच बघायचे. मेसेज आला, की आपली पाल्या या महिन्यात एकही दिवस उपस्थित नव्हती. मी तो पुसून टाकला आणि फोन परत गिरणीच्या फळीवर ठेवला. मला अपराधीसुद्धा वाटलं नाही.

शबानाच्या अब्बांचा फोन बटणांचा. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षरं लागायची पण हळूहळू. त्यांनी मेसेज आला म्हणून फोन गाड्यापुढं उभ्या असलेल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला दिला, आणि त्यानं चार गिऱ्हाइकांच्या देखत तो मोठ्यानं वाचला.

रोज सकाळी ज्या पोरीला आपण डबा घेऊन जाताना बघतो, ती महिनाभर कॉलेजात नव्हती. मग ती होती कुठं? अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी हात उगारला नाही. शबानानं त्यांना बाकाची, सुनीताची, सरांच्या पद्धतीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, की बेटी, समोर बसलेल्या पोरीला गैरहजर लिवनारं कालेज मी आजवर आयकलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासून शबाना घरी. स्थळं बघायला तिच्या मावशीला निरोपही गेला. हे सगळं मला तिच्या धाकट्या बहिणीनं बसस्टँडवर सांगितलं.

आता मी काय करायला हवं होतं ते लहान मुलालाही कळेल. गाड्यापाशी जायचं आणि सांगायचं, की चाचा, ती रोज माझ्या शेजारी बसलेली होती. पण मी ते सांगितलं तर ते विचारणार, की तुझ्या बापाला मेसेज आला का. आणि बसस्टँडवरून युसूफ वडगावला बोलणं पोचायला बसपेक्षा कमी वेळ लागतो. मी त्या कोपऱ्यावरून जायचंच बंद केलं. मागच्या गल्लीतून वळसा घालून कॉलेजला जायला लागले. बाकावर आता मी एकटी होते.

सरांना मी चार दिवसांनी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडं बघत होते, म्हणून मला ते नीट आठवतं. त्यांच्या हातात भिजलेली फांदी होती. ती तशीच टेबलावर ठेवली गेली आणि तिचं पाणी हजेरीच्या रजिस्टरपर्यंत ओघळत गेलं. ते रजिस्टर कुणी वाचत असेल, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते आमचं आणि त्यांचं होतं.

त्याच दुपारी ते गाड्यावर गेले. मोकळ्या हातानं गेले असते तर बरं झालं असतं. हा माणूस काचेच्या बरणीत तो गोळा घेऊन गेला. मी मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. पपई आणि संत्र्यांच्या मध्ये त्यांनी बरणी ठेवली आणि अब्बांना सांगायला सुरुवात केली, की तोंडं वेगळी असतात, आतडी वेगळी असतात. लोक जमले. कुणीतरी हसलं. अब्बांनी संत्री पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग जे बोलले ते मला गल्लीतही ऐकू आलं.

"सर, तुमी म्हनता ती हजर हुती, आन लिवलं गैरहजर. मंग आता तुमच्या कोन्त्या बोलन्यावर इमान ठिवू? लिवलेल्या का सांगितलेल्या?"

सरांनी बरणी उचलली आणि निघाले. रस्ता ओलांडताना त्यांना हॉर्न ऐकू आला नाही. रिक्षावाल्यानं शिवी दिली तीही ऐकू आली नसावी.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडं गेले आणि रजिस्टर दुरुस्त करायला परवानगी मागितली. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, पण कागदाला फार भ्यायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. सर खिडकीपाशी उभे होते. प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, की हे रजिस्टर वरपर्यंत जातं. ते खोटं ठरलं तर सरांची नोकरी धोक्यात येईल. पोरी कधीमधी दांड्या मारतात, त्यात काही विशेष नाही. तुम्ही मारल्या असतील तर तसं सांग, विषय इथंच मिटेल.

खरं बोलले तर सर जाणार. खोटं बोलले तर शबाना जाणार. आणि दोन्हीकडून वडिलांना मेसेजचं कळणार. मी टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाले, "आठवत नाही, सर."

एकही दिवस चुकला नव्हता मला त्या महिन्यात. कुठल्या दिवशी शबानानं काय फळ आणलं होतं तेही सांगता आलं असतं. मी सरांकडं चोरून पाहिलं. त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती. पण ओठ हलले होते, आणि ते काय पुटपुटले ते मला ऐकू न येताही कळलं. थांबा, बाहेर येतात.

प्राचार्यांना हायसं वाटलं. त्यांनी क्लार्कला हाक मारली, की सरांकडून एक खुलासा लिहून घ्या आणि यांच्या रजेचं काय आहे ते बघा, चार दिवस विश्रांती घेऊ दे यांना. क्लार्क घुटमळला. मग म्हणाला, "सर, मस्टरवर तर हे दिवाळीपास्नं गैरहजरच हायेत."

प्राचार्य म्हणाले, कोण.

"शेवाळे सर. सोत्ताच्या हातानं लिवत्यात रोज. मला वाटलं इसरून लिवलं आसंल, नंतर नीट करत्याल."

शिक्षकांचं मस्टर टेबलावर आलं. प्राचार्यांनी पान उलटलं आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला तो त्यांनी तसाच राहू दिला. सरांच्या नावापुढं, दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसापासून, ओळीनं, लाल शाईत, त्यांच्याच बारीक अक्षरात, बिनपगारी गैरहजर. प्राचार्य एकदा मस्टरकडं आणि एकदा खिडकीकडं बघायला लागले. हा माणूस रोज सकाळी त्यांना नमस्कार करून वर्गावर गेला होता. रोज तास घेतले होते. त्यातल्या एका दिवशी तर प्राचार्यांनी स्वतः त्यांच्या तासाला मागं बसून पाहणी केली होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाक तीन," सर म्हणाले. "पोरींनी सोसायचं आन मी न्हाई, आसं कसं?"

आमच्या बाकावर चौथा माणूस होता आणि आम्हाला कधी दिसला नव्हता. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. गाड्यावर अब्बांना सांगितलं नव्हतं, एवढ्या वेळात प्राचार्यांनाही नाही. आणि मी, जिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, काचेकडं बघत उभी होते. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

"सर, आमीबी रोज होतो," मी म्हणाले. मग मेसेज पुसल्याचंही सांगितलं. रडत सांगितलं, पण सगळं सांगितलं.

वडिलांनी ते कळल्यावर गिरणी अर्धा तास बंद ठेवली आणि ओट्यावर नुसते बसून राहिले. त्या दिवसापासून हात धुऊन, पुसून, फोन ते स्वतः बघू लागले. आजही बघतात.

अब्बांना कॉलेजात बोलावलं. ते गाडा फाटकाशी लावून आत आले. टेबलावर दोन्ही रजिस्टरं उघडी होती आणि मी तारखा वाचत होते. या दिवशी शबाना गैरहजर, या दिवशी सरही गैरहजर. अब्बा प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होते. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं, की हे सर ह्या दिवशी आल्ते का. शिपाई म्हणाला, रोज आल्ते की, मीच च्या देत हुतो.

अब्बांनी बोट उचललं.

"म्हंजी माझी पोर बी रोज येत हुती."

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो अब्बांनी घेतला नाही. ते सरांकडं वळले. आवाज चढला नव्हता त्यांचा.

"सर, तुमचं शिकवनं मला कळलं न्हाई, पन तुमचं मन कळलं. पन आठ दिस झाले, मी माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. तिनं वाढलेलं खाल्लं न्हाई. हे कुटं लिवायचं?"

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई लिवता येत."

दुसऱ्या दिवशी शबाना आली. दप्तरात तीन चिक्कू होते. सरांच्या नोकरीवर बेतलं नाही, पण त्यांच्या फाइलीत एक कागद लागला आणि पुढची बढती त्या कागदानं खाल्ली. प्राचार्यांनी वर्ग दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रयत्न केला, पण वर्षाच्या मध्येच ते रजिस्टर हातात घ्यायला कुणी तयार होईना. ते सरांकडंच राहिलं.

हजेरी पुन्हा नावांनी सुरू झाली, नव्या रजिस्टरात. दिवाळीपासूनचे मागचे दिवसही त्यात एकेकाच्या नावानं उतरवायचे होते. पहिल्याच दिवशी सुनीताचं नाव आलं. सरांनी ते पुकारलं आणि पेन अधांतरी धरून बसले. अख्खा वर्ग त्या पेनाकडं बघत होता. तेव्हा शबाना बोलली. जिच्या शिक्षणावरच बेतलं होतं, जिला त्या बाकाचा राग यायला हवा होता, ती शबाना.

"येनार हाय, सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि सुनीतापुढचा चौकोन कोरा सोडला. दिवाळीपासूनचे मागचेही कोरेच ठेवले आणि त्या दिवसापासून रोज कोराच सोडला. आम्हाला ते फार थोर वाटलं. गैरहजर नाही, हजर नाही, फक्त राखून ठेवलेली जागा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कधी कधी जाऊन ते कोरे चौकोन बघून यायचो.

परीक्षा झाली. सुनीताचा नंबर असलेला बाक परीक्षेतही मोकळाच राहिला. पाडवा होऊन गेल्यावर टोळ्या परत आल्या आणि एका दुपारी ती लॅबच्या दारात उभी राहिली. मी आणि शबाना लायब्ररीची पुस्तकं परत करायला आलो होतो. ती काळवंडली होती, मनगटांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते, आणि भिंतीवरचं स्वतःचं चित्र तिनं दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहिलं. पुढं तिनं बाहेरून परीक्षा दिली आणि पासही झाली, पण ते नंतर. मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

सरांना इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, फुंकर मारली, तिच्यापुढं उघडलं. "हे बघ. तुझी जागा ठिवलीय आमी. येकबी दिस तुला गैरहजर लिवलं न्हाई."

सुनीता वाकून बघत राहिली. पान उलटलं, पुढचं पान, त्याच्या पुढचं. ती हसेल म्हणून आम्ही दोघी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती हसली नाही.

"सर, हितं तर कायच न्हाई."

सर म्हणाले, कसं काय नाही, तुझ्यासाठीच तर.

"तिकडं मुकादमाच्या वहीत माझं नाव न्हवतं," ती म्हणाली. ती कधी इतकं बोलायची नाही. "आप्पाचा कोयता, येवढंच लिवत्यात. आप्पा आन मी मिळून येक. मी रोज हुते. ताप आस्ताना बी हुते. पन वहीत मी कुटंच न्हाई. हितं तरी माझ्या येकटीचं नाव हाय, सर. त्याच्याम्होरं काय तरी लिवा. गैरहजर लिवा. मी न्हवते ना."

फळ्यावर कोयत्याची आकृती काढणारे सर, बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसणारे सर, टेबलाची कड धरून उभे राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला. ड्रॉपर आला. तो ठेवला आणि पेन काढलं.

ते स्टुलावर बसले आणि एकेक चौकोन भरू लागले. दिवाळीनंतरचा पहिला दिवस, दुसरा, तिसरा. सुनीता त्यांच्या खांद्याशी उभी राहून पेनाच्या टोकावर नजर ठेवून होती. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो. कुणी बसलं नाही. बरणीत तुरे हलत होते आणि तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

शेवटचं पान भरून झालं. सर रजिस्टर मिटायला लागले, तेव्हा सुनीतानं मधल्या एका पानावर बोट ठेवलं.

"सर, ह्यो येक राहिला," ती म्हणाली.

सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि तोही भरला.